करीचा वास आणि टक्केवारीतला शेजार

सिंगापूरला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाचा फोटो अल्बम काढा. मरलायनच्या तोंडातलं पाणी आपल्या तोंडात पडतंय असा एक फोटो, सेंटोसाच्या केबल कारमधला एक, युनिव्हर्सलच्या त्या फिरत्या गोलासमोर एक आणि शेवटी मुस्तफातल्या पिशव्यांसकट एक दमलेला. माझ्याकडेही हे चारही आहेत, खोटं कशाला बोलू? पण तिथे दोन वर्षं राहून आल्यापासून कुणी ‘काय बघू गं तिथे?’ असं विचारलं की मी सांगते, संध्याकाळी साडेसहाला एखाद्या सरकारी ब्लॉकच्या लिफ्टमध्ये शिर. तिकीट नाही, रांग नाही आणि सेल्फी काढण्यासारखंही काही नाही!

तोआ पायोमधल्या आमच्या लिफ्टमधली टिपिकल संध्याकाळ अशी: डोक्याला रुमाल बांधलेली मलय बाई, हातात माशांची पिशवी. हाफ पँट आणि बनियनमधले चिनी अंकल, बगलेत पेपर. कानात इअरफोन घातलेला तमिळ शाळकरी मुलगा. आणि टेक्का मार्केटातून आणलेली कोथिंबिरीची जुडी सांभाळत मी. कुणी कुणाशी बोलत नाही. सगळे जण आपण कसे मजल्याचे आकडे बघतो, तसे बघतात. गळ्यात गळे वगैरे काही नाही. तीन मजल्यांनंतर मासेवाल्या बाई उतरतात, अंकल दाराचं बटण दाबून धरतात, संपलं.

आता मजा ऐका. या लिफ्टमध्ये कोण किती असावेत, हे सरकारने ठरवलेलं आहे. चक्क टक्क्यांत!

पण टक्क्यांकडे वळायच्या आधी मी त्या लिफ्टपर्यंत कशी पोचले ते सांगते, कारण ती गोष्ट जरा अडचणीची आहे. माझ्याच अडचणीची.

२०२२ मध्ये कंपनीने मला सिंगापूरला धाडलं. नवरा महिन्याभरात येणार होता, तोवर घर शोधायचं काम माझ्याकडे. मी एकदम एक्साइट वगैरे. पहिल्याच एजंटने फोनवर विचारलं, “यू इंडियन आह? ओनर से कॅन नॉट.” दुसऱ्याने जरा गोडीत घेतलं. म्हणाला, मालकांना करीच्या वासाचा त्रास होतो हो, भिंतींना बसतो, पडद्यांना बसतो. तिसऱ्याने तर आयडियाच दिली, “मी ओनरला सांगू का, की तुम्ही तिन्ही वेळा ऑफिसातच जेवता?” मग कळलं की हे नवीन नाही. ‘भारतीय नकोत, चीनचे नागरिक नकोत’ अशा तिथल्या जाहिरातींची बातमी बीबीसीने २०१४ सालीच केली होती. चौथा नकार आला त्या रात्री मी वंशवादावर एक लांबलचक स्टेटस लिहिलं. दोनशे लाइक्स आले.

त्याच आठवड्यात शनिवारी बाबांचा पुण्याहून फोन. सिंहगड रोडला आमचा एक फ्लॅट आहे, ज्याचा हप्ता आम्ही अजून भरतोय. त्याच सोसायटीत दुसऱ्या विंगमध्ये आई-बाबा राहतात. भाडेकरू बघायचं काम अर्थातच बाबांवर. तर एजंटने एक जोडपं आणलं होतं. दोघं आयटीतली, बोलायला चांगली, डिपॉझिटला घासाघीस नाही. नाव कळलं आणि सेक्रेटरींनी बाबांना जिन्यात गाठलं. “आपल्याकडे तसं कुणी नाहीये अजून, नाही का?” एवढंच म्हणाले. बाबांनी मला विचारलं, “काय करू गं?”

आणि चार घरांतून नकार पचवलेली, दोनशे लाइक्सवाली मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला तिथे रोज राहायचंय. सोसायटीशी वाकडं कशाला? दुसरं कुणीतरी बघा.”

फोन ठेवला आणि पुढच्या घराचा पत्ता मॅपवर शोधायला लागले. स्टेटस काही डिलीट केलं नाही.

शेवटी घर मिळालं ते तोआ पायोमध्ये. नावात ‘तोआ’ म्हणजे होक्कियन चिनीत मोठी आणि ‘पायो’ मलय भाषेतून आलेला, म्हणजे दलदल. मोठी दलदल! एकाच नावात दोन भाषा नांदतायत, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मालकीणबाई सत्तरीच्या चिनी आंटी. तिथे वयाने मोठ्या कुणालाही अंकल-आंटीच म्हणतात, त्यामुळे आपल्याला एकदम घरच्यासारखं वाटतं. आंटींनी इंटरव्ह्यू घेतला. “कुक?” येस. “एव्हरी डे?” येस. “करी?” आता खोटं बोलून काय उपयोग? येस. आंटींनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, “ओके लाह. विंडो ओपन, डोअर क्लोज.” दोन वर्षांचं सहजीवन या चार शब्दांवर चाललं.

पण सही करायच्या आधी एजंटने मोबाइलवर काहीतरी तपासलं. म्हणाला, कोटा शिल्लक आहे, बसतंय. मला वाटलं गॅसचा वगैरे कोटा असेल. तो होता परदेशी भाडेकरूंचा! अख्खा फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर परदेशी भाडेकरूंच्या हाती वस्तीतली ८ टक्के आणि एका ब्लॉकमधली ११ टक्के घरंच जाऊ शकतात. ती मर्यादा भरलेली असती, तर आंटींना माझी करी कितीही आवडली असती तरी मला घर नसतं मिळालं.

सिंगापूरच्या दर दहा रहिवाशांमधले जवळजवळ आठ जण सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. बांधणारी संस्था हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड, स्थापना १९६०, सगळे तिला एचडीबीच म्हणतात. झोपडपट्टीवाल्यांची किंवा गरिबांची घरं असा शिक्का त्यांवर नाही. डॉक्टर, शिक्षक, टॅक्सीवाले, सगळे इथेच. आणि १ मार्च १९८९ पासून इथे कोट्याचा नियम आहे. त्याचे आताचे आकडे असे: एका ब्लॉकमध्ये चिनी कुटुंबं जास्तीत जास्त ८७ टक्के, मलय २५ टक्के, भारतीय आणि इतर मिळून १५ टक्के. वस्तीच्या पातळीवर हेच आकडे ८४, २२ आणि १२. (बेरीज शंभराच्या वर जाते म्हणून कॅल्क्युलेटर काढू नका. या वरच्या मर्यादा आहेत, वाटणी नव्हे.) एखाद्या गटाची मर्यादा भरली की त्या गटाच्या नव्या कुटुंबाला तिथे घर विकत घ्यायचं तर आपल्याच गटातला विकणारा शोधावा लागतो. २०२० च्या जनगणनेत चिनी ७४ टक्के, मलय साडेतेरा आणि भारतीय ९ टक्के होते. म्हणजे ढोबळमानाने देशाची जी मिसळ आहे, तीच प्रत्येक जिन्यात असली पाहिजे.

ऐकून आधी अंगावर काटाच आला. माझा शेजारी कोण हे सरकार ठरवणार? मग शाळेतल्या मुलांना २१ जुलैला एकमेकांच्या समाजाचे कपडे घालून जाताना पाहिलं, चौकशी केली, तेव्हा पुढचं कळलं. २१ जुलै १९६४ ला पैगंबर जयंतीची मिरवणूक होती. मलय आणि चिनी जमावांत वादावादी झाली, मग मारामारी, मग अफवा, मग कर्फ्यू. २३ माणसं गेली. सप्टेंबरमध्ये पुन्हा पेटलं, आणखी १३ गेली. तेव्हा सिंगापूर मलेशियाचा भाग होतं. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९६५ ला, ते वेगळं झालं आणि एवढ्याशा बेटावर हे सगळे लोक एकमेकांसोबत अडकले. मिरवणूक, अफवा, कर्फ्यू... हे तीन शब्द आपल्याला काही समजावून सांगावे लागत नाहीत.

त्याआधी लोक आपापल्या समाजाच्या ‘कंपोंग’मध्ये, म्हणजे खेड्यांमध्ये राहत. सरकारने उंच ब्लॉक बांधले, सगळ्यांना मिसळून घरं दिली. पण माणूस मोठा चिवट! ऐंशीच्या दशकापर्यंत खरेदी-विक्री करत करत मलय लोक बेडोक-टाम्पिनीसकडे आणि चिनी हौगांगकडे पुन्हा गोळा व्हायला लागले. त्यावर हा १९८९ चा कोटा. आपल्या माणसांत राहण्यात वाईट काय, असं मलाही वाटतं. आम्हीसुद्धा पेठेतून कोथरूड, कोथरूडमधून सिंहगड रोड असे सरकलो ते आपल्याच माणसांच्या मागोमाग. आणि सिंगापूरमध्येही खिशात पैसे असतील तर पळवाट आहेच. खासगी कॉन्डोंना हा कोटा लागू नाही. ईस्ट कोस्टच्या कॉन्डोंमध्ये माझ्या ओळखीची कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटली की विचारायची, “तुम्ही तोआ पायोत? अय्या! तिकडे आपलं कोण आहे?”

तिकडे आपलं कोण होतं, तर उजवीकडे मकचिक आणि वरच्या मजल्यावर बनियनवाले अंकल.

मकचिक म्हणजे मलय भाषेत मावशी-काकू. लिफ्टमधल्या मासेवाल्या बाई त्या ह्याच. पहिल्या ईदला (तिथे हारी राया म्हणतात) त्यांनी आमच्याकडे एक डबा दिला. नारळाच्या पानात शिजवलेला भात आणि वर पातळ कागदात गुंडाळलेले केक. म्हणाल्या, “मीट नॉट इनसाइड. यू व्हेजिटेरियन, आय ऑलरेडी आस्क युवर हजबंड.” आता आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. मी उत्साहाने दुसऱ्या दिवशी शिरा केला, वर केशर, काजू. मकचिकनी दारातच हात जोडल्यासारखं केलं. म्हणाल्या, सॉरी हं, बाहेरच्या स्वयंपाकघरातलं शिजवलेलं मी खात नाही, हलालचा प्रश्न असतो. पाकीटबंद असेल तर चालेल, फळं तर पळतील. इतकं सरळ! मला क्षणभर लागलं. मग आठवलं, माझी आजी दुसऱ्यांकडचं पाणीसुद्धा घेत नसे, पण ते असं तोंडावर सांगत नसे. ‘आत्ताच जेवून आले’ असं म्हणायची, आणि समोरच्यांना सगळं कळायचं.

पुण्याहून नवरा आला की बाकरवडी येतेच. सीलबंद पाकीट घेऊन गेले. मकचिकनी चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरातली यादी शेवटपर्यंत वाचली. बेसन, खसखस, तीळ... “ओके, कॅन!” त्यानंतर दोन वर्षं आमचा व्यवहार ठरून गेला. त्यांच्याकडून बिनमांसाचं, माझ्याकडून सीलबंद. स्वयंपाकघरं वेगळी राहिली, डबा एकच फिरत राहिला.

वरच्या अंकलशी मात्र सुरुवात भांडणाने झाली असती. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, साधारण ऑगस्टमध्ये, पितरांचे आत्मे पृथ्वीवर येतात असं मानतात. त्यांच्यासाठी कागदी नोटा, कागदी कपडे जाळतात. अंकल हे खाली बसवलेल्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात जाळायचे आणि ती राख उडून थेट माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. तिथे खिडकीबाहेर आडव्या बांबूंवर कपडे वाळवतात, त्यामुळे पांढरा कुर्ता म्हणजे राखेला आमंत्रणच. मी तणतणत खाली गेले. अंकल म्हणाले, “माय मदर.” मग हसून वर बोट दाखवत म्हणाले, “युवर करी ऑल्सो, एव्हरी डे, गो अप.” माझी फोडणी वर जाते, त्यांची राख खाली येते! भांडण तिथेच मिटलं. मी त्यांना आपल्या पितृपक्षाबद्दल सांगितलं, तो त्यांच्या महिन्याच्या आगेमागेच येतो. कावळ्याला घास ठेवतात म्हटल्यावर अंकल गंभीर झाले. “हिअर फीड क्रो, फाइन!” खरंच आहे, तिथे पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो. पितरांचं काय करायचं, याचं उत्तर नियमावलीत नाही. पुढे अंकल जाळायच्या आधी ओरडून सांगायचे आणि मी कपडे आत घ्यायचे.

ब्लॉकचा तळमजला मोकळा असतो, नुसते खांब. त्याला वॉइड डेक म्हणतात. आपल्याकडच्या पार्किंगसारखा, फक्त गाड्या नसतात. तिथे शनिवारी मलय लग्न लागतं, कोम्पांग नावाचे डफासारखे ढोल वाजतात, बिर्याणीचा घमघमाट. आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच खांबांमध्ये पांढरं कापड बांधून चिनी अंत्यविधी. शवपेटी तिथेच, लोक गोल टेबलांभोवती बसून शेंगदाणे खातात, तीन किंवा पाच दिवस. पहिल्यांदा मी लिफ्टपर्यंत डोळे मिटून पळाले होते. लग्न आणि मयत एकाच जागी, ही कल्पनाच आपल्याला झेपत नाही. पण जागेचं बुकिंग असतं, तारखा असतात, आवाजाची वेळ असते. एकाचं आटोपलं की झाडून-पुसून दुसऱ्याचं.

तुम्ही टुरिस्ट म्हणून गेलात तर वॉइड डेकवर कोण नेणार? मग निदान वॉटरलू स्ट्रीटला जा. बुगिस स्टेशनवर उतरायचं, पाच-सात मिनिटं चालायचं. क्वान यिन देवीचं १८८४ चं चिनी देऊळ आणि त्याला अगदी चिकटून १८७० चं श्रीकृष्णाचं देऊळ. क्वान यिनकडे लोक बांबूच्या नळीतल्या काड्या खुळखुळवून कौल लावतात. बाहेर आले की त्यातले कितीतरी जण शेजारच्या कृष्णासमोर थांबतात, तीन उदबत्त्या कपाळाला लावून वाकतात आणि दारातल्या मोठ्या धूपपात्रात खोचतात. मी एका चिनी आजींना विचारलं, हा देव कोण ते माहितेय का? त्या म्हणाल्या, “नेबर.” मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. मग वाटलं, कळला असावा. त्याच रस्त्यावर १८७८ चं ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे आणि मागच्या गल्लीत मशीद. हे सगळं बघून तिथल्या हॉकर सेंटरमध्ये जेवा. एका टेबलावर चिकन राइस, रोटी प्राटा आणि नासी लमाक, पण रिकामे ट्रे परत ठेवायची मांडणी दोन: एक हलाल, एक बिगर-हलाल. २०२१ पासून ट्रे परत ठेवला नाही तर दंड. या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या यादीत घेतलं. सगळे कौतुक करतात ते एकत्र जेवण्याचं. मला भारी वाटली ती ट्रे ठेवायची दोन कपाटं. एकाच टेबलावर जेवता येतं, कारण ताटं वेगळी धुतली जाणार याची खात्री असते.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई सिंगापूरच्या प्रेमात पडली. थोडी पडलेच. पण करीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही. ऑगस्ट २०११ मध्ये तिथल्या पेपरात एक जुनी तडजोड छापून आली. चीनहून नव्याने आलेल्या एका कुटुंबाला शेजारच्या भारतीय कुटुंबाच्या करीचा वास सहन होत नव्हता. प्रकरण सरकारी मध्यस्थी केंद्रात गेलं. तोडगा असा निघाला की चिनी कुटुंब घरी नसेल तेव्हाच करी करायची, आणि बदल्यात त्यांनी एकदा करी चाखून बघायची. बातमीने लोक भडकले. सरकारला खुलासा करावा लागला की तोडगा त्या दोन कुटुंबांनीच काढला होता. २१ ऑगस्टच्या रविवारी हजारो लोकांनी ठरवून करी शिजवली. चिनी, मलय, भारतीय, सगळ्यांनी!

मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. नंतर ऑफिसातल्या एका चिनी सिंगापुरी सहकाऱ्याने ती पुन्हा सांगितली आणि शेवटी म्हणाला, “ते चीनहून आलेले होते ना, त्यांना दाखवून दिलं!” तेव्हा ट्यूब पेटली. करीच्या बाजूने उभे राहिले ते बाहेरून आलेल्यांच्या विरुद्ध उभे राहिले. आपले कोण आणि परके कोण, ही रेघ पुसली गेली नव्हती, ती थोडी सरकली होती. आणि नव्या रेघेच्या पलीकडे तर मीही होते.

माझ्याही पलीकडे आणखी कुणीतरी होतं. ज्यांनी हे ब्लॉक बांधले ते तमिळनाडूचे, आंध्रचे, बांगलादेशचे मजूर. बांधकामावरच्या वर्क परमिटवाल्यांना (मलेशियाचे सोडून) ही घरं भाड्याने घेताच येत नाहीत. ते टक्केवारीत कुठेच नाहीत. त्यांची राहायची सोय शहराच्या कडेला डॉर्मिटरींमध्ये, एका खोलीत कितीतरी बंक. रविवारी ते लिटिल इंडियात दिसतात. ८ डिसेंबर २०१३ ला तिथे एका भारतीय कामगाराचा बसखाली मृत्यू झाला आणि दंगल उसळली, गाड्या जळल्या. २०२० मध्ये कोविड पसरला तो सगळ्यात जास्त याच डॉर्मिटरींमध्ये, आणि बाकीचं शहर उघडल्यावरही कितीतरी महिने त्यांना बाहेर फिरायची परवानगी नव्हती. माझ्या आणि त्यांच्यातल्या भारतीयांच्या पासपोर्टचा रंग एकच. फरक व्हिसाच्या प्रकाराचा. मी लिफ्टमध्ये, ते नाहीत.

आणि कोट्याचा काच आतल्यांनाही आहेच. मलय किंवा भारतीय माणसाला घर विकायचं असेल आणि ब्लॉकमधला चिनी कोटा भरलेला असेल, तर सगळ्यात मोठा ग्राहकवर्ग बाद होतो. मग घर विकायला वेळ लागतो, भाव कमी येतो. अल्पसंख्याकांना सामावून घेणाऱ्या नियमाची किंमत अल्पसंख्याकच जास्त मोजतात. २०२२ मध्ये सरकारने अशा अडकलेल्या काही घरमालकांकडून घर परत विकत घ्यायची तयारी दाखवली, म्हणजे दुखणं खरं होतं. आई-वडील दोन वंशांचे असतील तर मुलाच्या ओळखपत्रावर २०११ पासून ‘भारतीय-चिनी’ असं जोडनाव लावता येतं. कोट्याला मात्र हायफनच्या आधी काय आहे तेवढंच कळतं! मकचिकना मी विचारलं होतं, हे असं सरकारने मोजणं तुम्हाला आवडतं का? त्या म्हणाल्या, आवडत नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, पण आकडा लिहिलेला आहे ना, मला वाचता येतो.

ते वाक्य डोक्यात राहिलं. कारण २०२४ च्या मे महिन्यात पुण्यातला फ्लॅट पुन्हा रिकामा झाला.

यावेळी मी बाबांच्या आधी स्वतःच सेक्रेटरींना फोन लावला. म्हटलं, काका, भाडेकरू ठेवण्याबद्दल सोसायटीचा काही नियम आहे का? असेल तर लेखी पाठवा. काका हसले. “नियम वगैरे काही नाही गं. पण आपलं ठरलेलं आहे ना.” कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं, म्हटलं. “अगं, असं मीटिंगमध्ये थोडंच ठरतं!” मला एकदम एचडीबीची ती वेबसाइट दिसली. ८७, २५, १५. कुणालाही उघडता येते, पटलं नाही तर भांडता येतं. आमच्याकडचा आकडा होता शून्य, आणि तो कुठेच लिहिलेला नव्हता.

२०२२ मधलं ते जोडपं आता कुठे राहतं, मला माहीत नाही. त्यांचा नंबर बाबांकडेही नाही. एजंटला मी सांगितलं, जे पहिले येतील, डिपॉझिट देतील, त्यांना दे, नाव मला नंतर कळव. दोन आठवड्यांनी कळवलं. केरळची दोन भावंडं. बहीण फिजिओथेरपिस्ट, भाऊ शिकतोय. मुस्लिम. सेक्रेटरी काकांनी रविवारी कमिटी बोलावली. बाबा म्हणाले, “या वयात मला भांडायला लावतेस.” पण गेले. दीड तास चर्चा झाली, त्यातला एक तास पार्किंगवर. शेवटी ‘पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या’ एवढ्यावर सुटलं. ते सगळ्याच भाडेकरूंचं करायचं असतं. बाबांनी तसं सांगितलं, म्हणे, आणि मग खोलीत जरा वेळ कुणीच बोललं नाही.

ती दोघं राहायला यायची होती त्याच्या आदल्या रात्री बाबांचा फोन आला. सिंगापुरात साडेबारा वाजले होते.

“अगं, उद्या पहिल्या दिवशी कुठे स्वयंपाक करतील ती पोरं? आई म्हणतेय पोळी-भाजीचा डबा देऊ. पण त्यांना आपल्याकडचं चालतं का?”

“मला काय माहीत बाबा,” मी म्हटलं. “त्यांनाच विचारा ना.”